तारेवरची कार्डे: नाट्यसमीक्षकाच्या घरातील पत्रव्यवहार कसा लावावा

नाट्यसमीक्षकाच्या मागे घरात साधारणपणे दोन प्रकारचे कागद उरतात: परीक्षणांच्या कात्रणांच्या वह्या आणि पत्रे. कात्रणे छापील असतात, त्यामुळे वह्या हरवल्या तरी जुन्या वर्तमानपत्रांच्या संचात त्यांची दुसरी प्रत मिळण्याची आशा असते. पत्राची दुसरी प्रत नसते. तरीही घरोघरी कात्रणांना जिल्द बांधली जाते आणि पत्रे माळ्यावरच्या ट्रंकेत पडून राहतात. पुढे कोणी उत्साही माणूस ती ट्रंक उघडतो, नटांची, नाटककारांची आणि संपादकांची पत्रे ‘महत्त्वाची’ म्हणून वेगळी काढतो आणि बायकोची, बहिणीची, मेहुण्याची पत्रे रद्दीत घालतो. हा लेख अशी ट्रंक ज्यांच्या हाती आली आहे त्यांच्यासाठी आहे, आणि त्यातील सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: घरची पत्रे आणि नाटकाची पत्रे वेगळी करू नयेत. समीक्षकाने छापायला दिलेले मत कात्रणात असते. नाटक पाहून आल्यावर त्याने बायकोला काय लिहिले ते मुलाच्या तापाची चौकशी आणि दाण्यांचा भाव यांच्या मधल्या तीन ओळींत असते, आणि ते पत्र कोणत्या वर्षीचे हे बहुधा तो ताप आणि तो भावच सांगतात.

आधी आहे तसे पाहावे

पहिल्या दिवशी काहीही लावायला घेऊ नये. ट्रंक, पिशवी, फडताळ जसे सापडले तसे त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि कोणता गठ्ठा कशाखाली होता, कोणत्या कापडात बांधला होता, त्यावर कोणी काही लिहिले होते का, याची नोंद वहीत करावी. आलेली कार्डे तारेच्या आकड्याला टोचून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती. खाली लाकडाची किंवा पुठ्ठ्याची चकती, मधून वर गेलेली तार आणि वरच्या टोकाला भिंतीवर अडकवण्यासाठी आकडा, अशी ती वस्तू असे. तारेवर सर्वांत खाली सर्वांत जुने पत्र आणि सर्वांत वर सर्वांत नवे, त्यामुळे ज्या पत्रावर तारीख नाही त्याचीही जागा खालच्या-वरच्या पत्रांमुळे जवळपास ठरते.

हे मी चूक करून शिकलो. एका नातेवाइकांच्या घरी अशी तार मिळाली तेव्हा मी तिच्यावरची सगळी कार्डे तासाभरात उतरवली आणि लिहिणाऱ्यांच्या नावांप्रमाणे त्यांचे गठ्ठे केले. संध्याकाळी लक्षात आले की निम्म्या कार्डांवर फक्त वार आहे, आणि त्यांना वर्ष देऊ शकणारा क्रम मी स्वतःच्या हाताने मोडला आहे. पुढचे काही आठवडे कार्डांच्या मधल्या भोकांभोवतीचे गंजाचे डाग एकमेकांशी जुळवण्यात गेले. तार गंजली की तिचा डाग लागून असलेल्या दोन-चार कार्डांवर जवळजवळ सारख्याच आकाराचा उमटतो, म्हणून थोडाफार क्रम परत मिळाला. सगळा मिळाला नाही. तेव्हा तारेवरची कार्डे उतरवताना प्रत्येकाच्या मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने क्रमांक घालावा आणि मगच पुढचे कार्ड उतरवावे. शाईचे पेन या कामात जवळही ठेवू नये.

कागदाची काळजी

टाचण्या, यूपिन आणि रबरबँड आधी काढावेत. टाचणी गंजून कागदाला चिकटली असेल तर ती ओढू नये. कागदाच्या बाजूने पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून टाचणी सैल करावी. फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी लावणे आणि पत्र लॅमिनेट करणे हे दोन्ही उपाय कायमचे नुकसान करतात. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो आणि लॅमिनेशन पुढे कधी काढता येत नाही. फाटलेले तुकडे एकाच लिफाफ्यात ठेवणे एवढे घरी पुरे.

जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेल्या मजकुराला विशेष जपावे. ही कॉपिंग पेन्सिल कोरडी असताना साध्या पेन्सिलीसारखी राखाडी दिसते, पण ओल लागली की तिचा रंग गडद जांभळा होऊन पसरतो. ओल्या बोटाने धूळ पुसण्याच्या सवयीने अशी पत्रे वाया गेली आहेत. धूळ कोरड्या मऊ ब्रशने, पत्राच्या मधून कडेकडे झाडावी. पावसाळ्यात ट्रंक भिजलीच तर पत्रे उन्हात टाकू नयेत आणि त्यांवर इस्त्री तर मुळीच फिरवू नये. साध्या टीपकागदावर पसरून पंख्याच्या वाऱ्यात वाळवावीत आणि टीपकागद वरचेवर बदलावा.

वर्तमानपत्राचे कात्रण पत्राला लागून ठेवले तर काही वर्षांत त्याचा तपकिरी चौकोन पत्रावर उमटतो. समीक्षकाच्या घरी हे हमखास झालेले दिसते, कारण ज्या परीक्षणावर पत्र आले ते परीक्षण पत्रातच घडी करून ठेवलेले असते. अशी जोडी फोडताना दोघांवर एकच क्रमांक घालावा आणि कात्रणाला वेगळा लिफाफा द्यावा. साठवणुकीसाठी आम्लरहित कागदाचे लिफाफे आणि पुठ्ठ्याची पेटी घ्यावी. ते न मिळाल्यास धुतलेल्या, न रंगवलेल्या सुती कापडाचे रुमाल चालतात. आपल्या जुन्या दफ्तरांनी शतके काढली ती याच बासनांत. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे, आणि डांबरगोळ्या पत्रांत घालू नयेत.

यादी

यादी साध्या कोष्टकात करावी: क्रमांक, लिहिणारा, कोणाला, कोठून, कोठे, पत्रावरची तारीख जशीच्या तशी, आपण ठरवलेली तारीख, ती कशावरून ठरवली, आणि दोन ओळींत विषय. ‘कशावरून’ हा रकाना बहुतेक जण गाळतात आणि वर्षभराने स्वतःच्याच नोंदीपुढे डोके खाजवत बसतात.

यादी करताना पत्रांतली पोकळीही दिसू लागते. मृत्यूची बातमी आणणारे कार्ड कोपरा फाडून पाठवायचे आणि वाचून झाले की फाडून टाकायचे, ते घरात ठेवायचे नाही, ही रीत पुष्कळ घरांत होती. त्यामुळे ज्या माणसाची पत्रे दर पंधरवड्याला येत आहेत तो एकाएकी गप्प होतो आणि त्याच्या जाण्याचा उल्लेखही कोठे सापडत नाही. अशा ठिकाणी मायन्यांकडे पाहावे. ‘चि. सौ.’ म्हणून जिला पत्रे येत होती तिला काही महिन्यांनी ‘गं. भा.’ म्हणून पत्र येते, तेव्हा मधल्या काळात काय झाले ते कोणी सांगावे लागत नाही. मुलीच्या नावामागचे ‘कु.’ जाऊन ‘सौ.’ आले की लग्नाचा काळ मिळतो. मायन्यातली ही दोन-तीन अक्षरे तारीख ठरवायला नाटकाच्या नावाइतकीच उपयोगी पडतात.

तारीख ठरवणे

सर्वांत जास्त वेळ या कामाला द्यावा. प्रथम टपालाचे पुरावे पाहावेत. पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ साली पाव आण्याला सुरू झाले आणि १९२२ मध्ये त्याची किंमत अर्धा आणा झाली. कार्डावर किंवा तिकिटावर पाचव्या जॉर्जचे चित्र असेल तर तो १९१० ते १९३६ या काळात गादीवर होता. आंतरदेशीय पत्र २ ऑक्टोबर १९५० पासून मिळू लागले, ‘नये पैसे’ १ एप्रिल १९५७ नंतरचे, आणि पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. मात्र पत्र अमुक काळाआधीचे नाही, एवढेच या खुणा सांगतात. घरात उरलेले जुने कार्ड वर जादा तिकीट चिकटवून वापरण्याची काटकसर सर्रास होती. शिक्का वाचता आला तर तो सर्वांत भरवशाचा. जुन्या कार्डांवर पाठवणाऱ्या आणि पोचवणाऱ्या अशा दोन्ही पोस्टांचे शिक्के असतात. एक पुसट असला तर दुसरा वाचावा.

त्यानंतर शके. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे शाळेत शिकलेले असते, पण ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच खरे. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. हा एका आकड्याचा फरक किती महागात पडतो ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, एका पत्रावर ‘शके १८४०, माघ वद्य’ एवढेच आहे आणि मजकुरात ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आल्याचा उल्लेख आहे. ७८ मिळवले तर १९१८ येते, आणि मग राम गणेश गडकरी हयात असतानाच हे नाटक रंगमंचावर आले होते असा भलताच निष्कर्ष निघतो. खरे तर गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले आणि गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग त्यानंतर, फेब्रुवारीत, बडोद्याला केला. शके १८४० चा माघ हा १९१९ चा फेब्रुवारीच आहे. म्हणजे ७९ मिळवले की पत्र, पंचांग आणि नाटक तिन्ही एका रेषेत येतात. पौष महिना तर बहुधा दोन इसवी सनांत विभागलेला असतो, तेव्हा तेथे जुने पंचांग किंवा जंत्री पाहिल्याशिवाय वर्ष लिहूच नये.

नाटकवाल्यांच्या पत्रांत आणखी एक बारीक खोच आहे. संगीत नाटकाचे प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, तिथीचा व्यवहार मात्र सूर्योदयाला धरून असतो. प्रयोगाहून परतल्यावर पहाटे चारला पत्र लिहिणाऱ्याने तिथी घातली तर ती आदल्या दिवसाची असेल आणि इंग्रजी तारीख घातली तर नव्या दिवसाची. त्यामुळे एकाच पत्रात दोन्ही असतील आणि त्यांत एका दिवसाचा फरक दिसला तर लिहिणाऱ्याची चूक धरू नये. तो नाटक पाहून नुकताच आला असण्याची शक्यता आधी तपासावी.

मजकुरातली नाटके हा यानंतरचा पुरावा. पत्र पहिल्या प्रयोगाच्या तारखेआधीचे नसते: ‘नटसम्राट’चा उल्लेख असलेले पत्र १९७० च्या आधीचे असू शकत नाही, ‘घाशीराम कोतवाल’चा असेल तर १९७२ च्या डिसेंबरआधीचे नाही. नटसंच कळला तर मर्यादा दोन्ही बाजूंनी आवळता येते. केशवराव भोसले यांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी एकाच प्रयोगात पाहिल्याचे कोणी लिहिले असेल तर तो ‘संयुक्त मानापमान’चा, म्हणजे दोघांच्या कंपन्यांनी मिळून केलेल्या ‘मानापमान’ नाटकाचा, प्रयोग होय. टिळक स्वराज्य फंडासाठी तो ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत प्रथम झाला आणि केशवराव त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारले. ताजी हकिकत सांगणारे पत्र या तीन महिन्यांतलेच. पुढे जाऊन दिवस हवा असेल तर वार पाहावा: ८ जुलै १९२१ ला शुक्रवार होता.

फिरत्या कंपन्यांतल्या लोकांच्या पत्रांवर गावाआधी ‘मुक्काम’ असतो. त्या काळच्या ‘केसरी’ किंवा ‘ज्ञानप्रकाश’च्या अंकांतल्या जाहिरातींवरून कंपनी कोणत्या महिन्यात कोणत्या गावी होती ते कळते. कंपनीच्या मुक्कामांची एक वेगळी वही केली तर पुढची वीस पत्रे आपोआप लागतात.

माणसे ओळखणे

मराठी पत्रात पूर्ण नाव लिहिण्याची पद्धत नाही, आणि नाटकाच्या वर्तुळात तर प्रत्येक जण कोणाचा तरी अण्णा, नाना किंवा बापू असतो. ‘तात्यासाहेबांचा निरोप आला’ हे वाक्य घ्या. नाटकाशी संबंध असलेले निदान तीन तात्यासाहेब सहज आठवतात: श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, नरसिंह चिंतामण केळकर आणि वि. वा. शिरवाडकर. कोल्हटकर (१८७१–१९३४) आणि केळकर (१८७२–१९४७) तर समकालीन होते आणि दोघेही नाटककार आणि टीकाकार. अशा वेळी गाव पाहावे. कोल्हटकरांचे बरेचसे आयुष्य वकिलीच्या निमित्ताने वऱ्हाडात, अकोला, खामगाव, जळगाव-जामोद या भागात गेले, केळकर पुण्याचे. खामगावहून निरोप आला असेल तर केळकर धरायचे कारण नाही. रंगभूमीची पेठ पुण्या-मुंबईला आणि टीकाकार वऱ्हाडात, ही स्थितीच अशी होती की पुष्कळशी चर्चा टपालाने व्हावी. त्यामुळे कोल्हटकरांसारख्या माणसाच्या भोवतालच्या पत्रव्यवहाराला समीक्षेच्या इतिहासात छापील लेखांच्या बरोबरीचे स्थान द्यायला हवे असे माझे मत आहे.

‘मामा’चा घोळ याहून मोठा. ‘मामा येऊन गेले, रात्रभर बोलत बसले’ यातले मामा हे बायकोचे मामा, मामा वरेरकर की नट मामा पेंडसे? येथे आधी घराण्याची वंशावळ काढावी आणि मगच नाटकवाल्यांकडे जावे. उलट क्रमाने गेलो की प्रसिद्ध माणूस दिसण्याचा मोह होतो आणि घरातले गरीब मामा इतिहासातून नाहीसे होतात. पात्रांचाही असाच गोंधळ होतो. ‘सिंधूचे हाल पाहवत नाहीत’ असे बहिणीने लिहिले तर ती ‘एकच प्याला’ पाहून आली आहे की सासरी दिलेल्या पुतणीबद्दल बोलते आहे, हे त्या एका वाक्यावरून ठरवू नये. मागची-पुढची दोन पत्रे वाचावीत.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लग्नात मुलीचे पाळण्यातले नावही बदलण्याची रीत होती, त्यामुळे माहेरच्या पत्रांतली कृष्णा आणि सासरच्या पत्रांतली लक्ष्मी ही एकच बाई असू शकते. यादीत तिला दोन माणसे म्हणून नोंदवले तर भावाला नाटकाविषयी सर्वांत मोकळेपणाने लिहिणारी व्यक्ती अर्धी-अर्धी होऊन दोन्हीकडे किरकोळ ठरते. घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ बसून नावे विचारावीत, आणि हे काम इतर सगळ्या कामांआधी उरकावे; कागद थांबू शकतो.

समीक्षकाच्या स्वतःच्या नावांचीही यादी हवी. परीक्षणे टोपणनावाने छापली जात आणि ‘तो लेख तुमचाच ना’ असे विचारणारे एखादे स्नेह्याचे पत्र हाच त्या टोपणनावाचा एकमेव पुरावा असतो. आलेल्या पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर उत्तराचा कच्चा खर्डा असतो, तोही तपासावा. पास, हस्तपत्रके, पदांच्या पुस्तिका यांच्या मागे अंधारात खरडलेली टिपणे सापडतात. ती बहुधा वाचता येत नाहीत, पण टाकू नयेत.

प्रतिमा आणि लिप्यंतर

स्कॅनिंगविषयी फार सांगण्यासारखे नाही. ४०० डीपीआय, रंगीत, मूळ प्रत टिफ आणि वापरायला जेपेग. कोरी वाटणारी बाजू, पाकीट आणि पत्त्याची बाजू यांसह. फाइलच्या नावात यादीतला क्रमांक आधी यावा, तारीख नंतर, कारण तारीख पुढे बदलू शकते. तीन प्रती असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी असावी.

लिप्यंतर करताना जुने लेखन सुधारू नये. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘नाटकें पाहिलीं’ हे अनुस्वार आज उच्चारले जात नसले तरी तसेच उतरवावेत. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली, पण त्याआधी शिकलेली माणसे पुढेही अनुस्वार देतच राहिली, म्हणून केवळ अनुस्वारांवरून वर्ष काढू नये. न वाचता आलेल्या शब्दाच्या जागी चौकटी कंसात टिंबे घालावीत, अंदाजाने वाचलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या वडीलधाऱ्यांची पत्रे मोडीत असण्याचा संभव आहे. मोडी येत नसेल तर जाणकाराला मूळ पत्र न देता त्याची प्रतिमा द्यावी. ‘सा. न. वि. वि.’, ‘अ. उ. आ.’, ‘रा. रा.’ ही संक्षिप्त रूपे तशीच ठेवून त्यांची फोड एकदाच, सुरुवातीला द्यावी. आडव्या लिहिलेल्या कार्डाच्या समासात उभा मजकूर असतो आणि पत्त्याच्या बाजूला उलटा ‘ता. क.’ असतो; तो कोठे आणि कसा लिहिला आहे हेही नोंदवावे. आख्खे कार्ड घरच्या खुशालीने भरलेले असते आणि नाटकावरचे खरे मत जागा संपल्यावर समासात कोंबलेले असते, असे पुष्कळदा आढळते.

हक्क, संकोच आणि सुपुर्दगी

पत्राचा कागद ज्याला ते आले त्याच्या घरचा, मजकूर मात्र लिहिणाऱ्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या वारसांकडे असतो, आणि हयातीत न छापलेले लेखन मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झाले तर मुदत त्या प्रसिद्धीपासून मोजली जाते. म्हणून एखाद्या नटाने आपल्या आजोबांना लिहिलेली पत्रे घरात आहेत एवढ्यावर ती छापता येत नाहीत. त्या नटाच्या वारसांची लेखी संमती घ्यावी, आणि पुस्तकाचा विचार असेल तर वकिलाला विचारावे. कर्ज, आजारपण, दारू, कंपनीतली भांडणे हे विषय ज्या पत्रांत हयात माणसांना लागू पडतात ती पत्रे नष्ट न करता वेगळ्या लिफाफ्यात मोहोरबंद करून त्यावर ‘अमुक सालापर्यंत उघडू नये’ असे लिहावे.

पत्रे संस्थेला द्यायची झाल्यास आधी जाऊन पाहावे: पत्रे कोणत्या खोलीत राहणार, यादी कोण करणार, अभ्यासकाला ती मागता येतील का. मोठे नाव पाहून निर्णय घेऊ नये. देताना दोन्ही बाजूंच्या सह्यांचे दानपत्र करावे आणि त्यात तीन अटी घालाव्यात: संग्रह एकत्र राहील, मोहोरबंद लिफाफे मुदतीआधी उघडले जाणार नाहीत, आणि घरची पत्रे ‘असाहित्यिक’ म्हणून परत किंवा रद्दीत जाणार नाहीत. या तिसऱ्या अटीला संस्थेकडून हमखास हरकत येते, जागा नसते. तेव्हा यादी पुढे करावी आणि ज्या नाट्यविषयक पत्रांची तारीख केवळ एखाद्या घरगुती कार्डावरून ठरली आहे त्या नोंदींचा ‘कशावरून’ हा रकाना दाखवावा. तारेचा आकडा सापडला असेल तर तोही द्यावा, फक्त गंज पत्रांना लागू नये म्हणून वेगळ्या कापडात गुंडाळून, त्यावर यादीतला स्वतंत्र क्रमांक घालून.